वजन उतरवायला सोबत हवी

गेल्या दहाएक वर्षांत मराठी घरांत निवडणुकांच्या खालोखाल वाद झाले असतील, तर ते दिवसातून किती वेळा जेवावं यावरून. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून आपली पद्धत बेतली: कडक भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. २००९ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकाचा सांगावा अगदी उलटा होता. सकाळी उठल्यावर लगेच काहीतरी खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा आणि तुपाला घाबरू नका. २०१८-१९च्या सुमारास हा वाद इतका पेटला, की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा 'दीक्षितवाला' की 'दिवेकरवाला', हे त्याच्या ताटावरून ओळखता यायचं.

दोन्हीकडचे लोक आपापली उतरलेली मापं सांगत. ती खरीही असत. काकांचं पोट गेलं, वहिनींची साखर ताब्यात आली, शेजारच्या मुलाने बारा किलो उतरवले. मग बरोबर कोण? गेली काही वर्षं या विषयावर लोकांशी बोलत, वाचत आणि स्वयंपाकघरांत डोकावत असताना मला हा प्रश्नच चुकीच्या जागी धरलेला वाटू लागला आहे. दीक्षितांची मोहीम फुकट होती आणि गावोगावच्या सभागृहांत भरत होती. त्यात शिरणाऱ्याने आधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्यायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असा दंडक होता. शंका विचारायला माणसं होती. आपल्यासारखेच आणखी शेकडो जण त्याच वाटेने चालले आहेत हे दिसत होतं. दिवेकरांच्या वाचकांनाही आजीच्या हातच्या जेवणाकडे परत जाण्यातून घरच्यांची साथ आपोआप मिळत होती. किती वेळा खायचं यावर भांडताना, कुणासोबत खायचं याकडे आपण पाहिलंच नाही.

पद्धतींचा मुकाबला शास्त्रज्ञांनीही लावून पाहिला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ प्रौढांचे दोन गट केले. एकाने स्निग्ध पदार्थ कमी करायचे, दुसऱ्याने पिष्टमय. २०१८ साली वर्षाचा निकाल छापून आला, तेव्हा पहिला गट सरासरी ५.३ किलोने उतरला होता आणि दुसरा ६ किलोने. दखल घ्यावी असा फरक त्यात नव्हता. प्रत्येक गटाच्या पोटात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर होतं. काही जण पंचवीस किलोपर्यंत उतरले, तर काहींचं वजन उलट वाढलं. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल लोकांवर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या उष्मांकांना सारखीच कात्री लावली होती. त्यातल्या निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं होतं. वर्षाअखेरीस वेळेचं बंधन पाळणारे ८ किलोने उतरले, न पाळणारे ६.३ किलोने. संख्याशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही सारखेच. उतरलं ते कमी खाल्ल्यामुळे. मग एखादा माणूस कमी खाणं वर्षभर टिकवतो आणि दुसरा तीन आठवड्यांत सोडून देतो, हे कशामुळे?

याच्या उत्तराचा एक मोठा धागा १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सापडतो. रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी वजन उतरवू पाहणाऱ्या १६६ जणांना घेतलं. काही एकटेच आले होते, काहींनी तीन-तीन ओळखीची माणसं बरोबर आणली होती. एकटं येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि चौथ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत उतरलेलं वजन पूर्णपणे टिकवणारे निघाले फक्त २४ टक्के. मित्रमैत्रिणींसह आलेल्यांना एकमेकांना साथ कशी द्यायची हेही शिकवलं होतं. त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि ६६ टक्क्यांनी वजन टिकवलं. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा आपल्याकडच्या एकट्या पडलेल्या 'डाएटवाल्या' बायका डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याकडे आहारतज्ज्ञाने दिलेला छापील कागद असतो, तो फ्रिजवर लावलेला असतो आणि घरातलं दुसरं कुणीही तो वाचत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधी एका गृहिणीने ओळखली होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच यांचं वजन १९६१ साली ९७ किलो होतं. शहराच्या आरोग्य खात्याच्या स्थूलतेच्या दवाखान्यात त्यांना आहाराचा तक्ता मिळाला. तो बरा होता, पण एक गोष्ट त्या तिथे कुणाला सांगू शकत नव्हत्या: न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत त्या बिस्किटं लपवून ठेवत आणि रात्री खात. शेवटी त्यांनी सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे हे सांगून टाकलं. मग बाकीच्याही आपापल्या लपवण्याच्या जागा सांगू लागल्या. १९६२च्या अखेरीपर्यंत निडेच ६४ किलोवर आल्या आणि १९६३च्या मे महिन्यात 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचा जगभर मोठा धंदा झाला आणि २०२५ साली तिला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयातही जावं लागलं. मला त्यातली पहिली बैठकच महत्त्वाची वाटते. तिथे तक्ता तोच होता. फक्त लपवायची गरज संपली होती.

आपल्याकडे अशी बैठक कुठे भरते? पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सहकारनगरच्या बाजूने पहाटे चढणाऱ्यांत चार बायकांची एक चौकडी आहे. एक बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना बाकीच्या तिघी 'काकू' म्हणतात. एक शाळेत शिकवते, एक घरी शिवणकाम करते आणि चौथी डबे पुरवते. शिक्षिकेची साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांनी सहा-सात किलो उतरवायला सांगितले, तिथून हे सुरू झालं. त्यांचे नियम साधे आहेत. सोमवारी सकाळी, काही खाण्याआधी, डबेवालीच्या घरच्या एकाच काट्यावर वजन करायचं. आकडा चौघींतच राहील, नवऱ्यालाही सांगायचा नाही. वाढला तर कुणी काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं, "या आठवड्यात काय झालं गं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खाण्याचं नसतंच, असं काकूंनी सांगितलं. सासू दवाखान्यात असते, मुलाची बारावी असते, झोप झालेली नसते.

संध्याकाळचे साडेपाच ते सात हा त्यांच्या मते दिवसातला सगळ्यात घातकी वेळ. दुपारचं जेवण जिरलेलं, रात्रीचं लांब, अंगात थकवा आणि हाताशी फरसाणाचा डबा. त्या वेळेला फोन करायची त्यांच्यात मुभा आहे. शिवणकाम करणारी म्हणाली, "मी डबा उघडून हातात धरूनच फोन लावते. काकू म्हणतात, आधी ताक पी, मग दहा मिनिटांनी खा हवं तर. दहा मिनिटं बोलता बोलता जातात." त्या ताकात भाजलेलं जिरं आणि हिंग असतं, पेलाभर पातळ ताकाचे उष्मांक पन्नासच्या आतच राहतात. बरोबर मूठभर फुटाणे घेतले तर शंभर-सव्वाशे उष्मांकांत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि भूक खरोखर भागते. उकडलेल्या मटकीवर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू घातलं, की शेवेवाचून भेळ होते. पेरू, काकडी, मक्याचं भाजलेलं कणीस यांपैकी काहीही चालतं. खायचं नाही असं त्या कुणी म्हणत नाहीत, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

डबेवालीचं स्वयंपाकघर मी जवळून पाहिलं. तिच्या ओट्यावर तेलाची किटली नाही. एक छोटी बरणी आहे आणि तिच्यात पाच मिलिलिटरचा चमचा. पूर्वी फोडणीला पळीने तेल पडायचं. चौघींनी एकदा ती पळी मापून पाहिली, तर तिच्यात असे चार चमचे मावत होते. चार चमचे म्हणजे साधारण १८ ग्रॅम तेल, म्हणजेच १६० उष्मांक. पिठात किंवा डाळीत एका ग्रॅमला साधारण साडेतीन उष्मांक असतात, तेल-तुपात नऊ. एवढं एक गणित ध्यानात ठेवलं, तरी मराठी स्वयंपाकातली निम्मी कात्री कुठे लावायची ते कळतं.

तिने माझ्यासमोर मटकीची उसळ केली. एक चमचा तेल तापवलं. मोहरी तडतडल्यावर हिंग, हळद, कढीपत्ता. मग बारीक चिरलेला कांदा घालून त्यावर लगेच चिमूटभर मीठ टाकलं, म्हणजे त्याला पाणी सुटतं आणि तो तेल मागत नाही. त्यावर ताटली झाकली आणि ताटलीत पाणी ओतलं. खालची वाफ अडते, भाजी खाली लागत नाही आणि वर तापलेलं पाणी नंतर उसळीतच घालता येतं. ही युक्ती तिच्या आजेसासूची. टोमॅटो चांगला गळेपर्यंत शिजवला, ब्याडगी मिरचीचं तिखट रंगाला, कांदा-लसूण मसाला चवीला. "तर्री दिसत नाही म्हणून पहिले पंधरा दिवस गिऱ्हाइकांनी तक्रार केली," ती म्हणाली. "मग एकाने विचारलं, मावशी, हल्ली दुपारी झोप येत नाही, काय बदललंत?"

तेलाचा हिशेब महिन्याने केला तर आणखी डोळे उघडतात. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेली मर्यादा दिवसाला २० ते ३० ग्रॅमची आहे, आणि बाहेरचा वडा-सामोसा या हिशेबात धरलेलाच नाही. तोच कॅन सव्वा महिना-दीड महिना पुरवला, तर प्रत्येकाच्या ताटातून रोज शंभराच्या आसपास उष्मांक कुणालाही न दुखवता निघून जातात. कॅन उघडल्याची तारीख त्याच्यावर मार्करने लिहून ठेवायची, एवढीच यात मेहनत. घरातल्या सगळ्यांना ती तारीख दिसते, हेही महत्त्वाचं.

भाकरीबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन उतरतं, असा सरसकट समज आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखेच, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. पातळ फुलक्याला तीस ग्रॅम कणीक लागते, तर हातावर थापलेल्या चांगल्या मोठ्या भाकरीला सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे दीड भाकरी ही तीन-चार फुलक्यांच्या बरोबरीची झाली. भाकरीचा फायदा वेगळा आहे. तिला तेल लागत नाही, ती चावायला वेळ लागतो आणि तिच्याबरोबर पातळ भाजी, पिठलं, कांदा असं काहीतरी घ्यावंच लागतं. एका मध्यम भाकरीवर थांबता आलं तर तिच्यासारखं जेवण नाही.

आणि मराठी स्वयंपाकात कमी उष्मांकांचे पदार्थ शोधायला बाहेर जावं लागत नाही. दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, कोबी यांच्या शंभर ग्रॅममध्ये तिसाच्या आतच उष्मांक असतात. दोडक्याच्या शिरांची चटणी तीळ बेताने घालून केली, तर टाकाऊतून तोंडीलावणं होतं. ताकातला चाकवत किंवा पालक, मुळ्याची पचडी, कोवळ्या मेथीचा कच्चा घोळाणा, टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार, कुळथाचं कढण, मुगाचं साधं वरण. मासे खाणाऱ्याने बांगडा रव्यात तळण्याऐवजी मीठ-हळद-तिखट लावून तव्यावर भाजला, तरी त्याच्या स्वतःच्या तेलातच तो खरपूस होतो. मटणाचा रस्सा खाली ठेवून वरचा तवंग काढायला हरकत नाही. अंड्यात सत्तर-पंचाहत्तर उष्मांक आणि सहा ग्रॅम प्रथिनं. वजन उतरवताना प्रथिनांकडे दुर्लक्ष झालं, की चरबीबरोबर स्नायूही झडतात. दोन पोळ्यांवरून एकीवर येताना डाळ-उसळीची वाटी मात्र एकाची दोन झाली पाहिजे.

दोन ठिकाणी आपला स्वयंपाक दगा देतो. एक शेंगदाण्याचा कूट. शेंगदाणे उत्तम अन्न आहे, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर उष्मांक. काकडीच्या कोशिंबिरीत मूठभर कूट पडला, की काकडीचे वीस उष्मांक आणि कुटाचे दीडशे. एक चमचा पुरतो. दुसरा उपास. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनी ठरवूनच म्हणून ठेवलं आहे. शंभर ग्रॅम साबुदाणा, त्यावर दाण्याचा कूट, बटाटा आणि चमचाभर तूप मिळून खिचडीची एक भरलेली ताटली सातशे उष्मांकांपर्यंत जाते, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. उपास श्रद्धेने करणाऱ्याला तो सोडायला कुणी सांगू नये. उकडलेलं रताळं, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडी, ताक आणि एखादं फळ यांनीही उपास होतो, आणि तो उपासासारखा होतो.

चहाचं तर बोलायलाच नको. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. दूध वेगळंच. अमृततुल्यचा कटिंग तर याहूनही गोड. शिक्षिकेने शाळेत सगळ्यांसाठी एकत्र होणाऱ्या चहात साखर घालणं बंद करवलं आणि डबा बाजूला ठेवला. ज्याला हवी त्याने घ्यावी. पहिल्या दिवशी नाराजी झाली. आता निम्म्याहून अधिक जण एका चमच्यावर आलेत.

इथपर्यंतचं सगळं स्वयंपाकघरातलं. पण ते चालवणार कोण, आणि त्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, हा खरा कठीण भाग आहे. आपल्या घरांत जी रांधते तीच शेवटी जेवते. मुलाने अर्धी टाकलेली पोळी, कढईच्या तळाची भाजी, कालचा भात हे सगळं तिच्या ताटात जातं, कारण अन्न टाकायचं नाही, आणि ही शिकवण चुकीची नाही. चुकीची आहे ती वाटणी. शिवणकाम करणाऱ्या बाईने घरात सांगून टाकलं, की शिळं उरलं तर सकाळी सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं पडेल. महिनाभरात उरणंच कमी झालं. नवऱ्याला तांदूळ वाटीने मोजून घ्यायची सवय लागली. तिने सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरवले त्यात हा एक बदल बाकी कुठल्याही पदार्थापेक्षा मोठा होता, असं ती सांगते, आणि मला ते पटतं.

आग्रहाची गोष्टही तशीच. "एवढी एक जिलेबी घ्याच", "माझी शपथ आहे", "आमच्याकडे तुम्ही कधी येता" हे सगळं प्रेमच आहे. साखर वाढलेल्या माणसाला मात्र प्रत्येक पंगतीत आपला आजार सांगून सुटका करून घ्यावी लागते, आणि ते अपमानाचं असतं. ताट वाढताना 'हवं का?' असं एकदाच विचारून पुढे जाणारा यजमान मला फार सुसंस्कृत वाटतो. बोलण्याचंही तेच. लग्न झालेल्या मुलीला "मानवलंय हं" म्हणायचं, बाळंतपणानंतर "सुटलीस गं" म्हणायचं, आणि तिने खटपट करून सात किलो कमी केले की "आजारी होतीस का?" असं विचारायचं. शरीरावरच्या अशा शेऱ्यांनी कुणाचंही वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. लपून खाणं मात्र वाढलेलं पाहिलं आहे. पुरुषाच्या पोटाला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणून सोडून देतो, तेही तितकंच वाईट, कारण हृदयविकार त्या पोटातून येतो.

पोटाचा हा मुद्दा आपल्याला जास्त लागू का आहे, हे पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला. बाळं वजनाने लहान, हडकुळी, पण अंगावरची चरबी युरोपातल्या बाळांच्या मानाने टिकून राहिलेली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हुबेहूब सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्यासाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ च्या बीएमआयला ओढली जाते. १६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फूट उंचीच्या बाईसाठी ती ५९ किलोला येते. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या आत हवी. शिवणाची टेप प्रत्येक घरात असते, आणि ती वजनकाट्यापेक्षा जास्त खरं बोलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत जवळजवळ ४० टक्के प्रौढांच्या पोटावर धोक्याची चरबी आढळली, मधुमेही दहा कोटींवर आणि त्यांच्या उंबऱ्यावर असलेले आणखी साडेतेरा कोटी.

दिलासा असा, की फार उतरवावं लागत नाही. मधुमेहाच्या उंबऱ्यावरच्या माणसांनी सात टक्के वजन कमी करावं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालावं, असं लक्ष्य अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात दिलं होतं. २००२ साली निकाल लागला, तेव्हा त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलेलं होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने आपल्या लोकांवर असाच प्रयोग केला, तिथे घट साडेअठ्ठावीस टक्के होती. कमी, पण खरी. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. रोजच्या गरजेतून पाचशे उष्मांक कमी केले, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो जातो. मग वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी इंधन लागतं. दोन-तीन महिन्यांनी काटा अडकतो तेव्हा माणूस स्वतःला दोष देऊ लागतो, आणि नेमकं तेव्हाच सोबत सगळ्यात जास्त लागते.

औषधांचंही सांगायला हवं. २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. ही इंजेक्शनं भूकच मंदावतात, आणि ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांनी ती लाज न बाळगता घ्यावीत. स्थूलता हा आळसाचा पुरावा नाही, ते दुखणं आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं पाहणीत दिसलं, म्हणजे ताट आणि घर बदलण्यातून सुटका तिथेही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने जेवणं कमी केली, तर साखर एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. दोन वेळा असो की सहा, डोस ठरवून घेतल्याशिवाय सुरू करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयातली मुलं यांना तर कुठलाच तक्ता लागू नाही. वजन कारणाशिवाय वाढत असेल तर थायरॉइड आणि पाळीच्या तक्रारी आधी तपासाव्यात. आणि एखादी मुलगी खाऊन ओकत असेल, तर तिला उपदेश नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा.

सहकारनगरच्या चौघींची महिन्याची भिशी पूर्वी डबेवालीच्याच घरी बटाटेवड्यांनी साजरी व्हायची. आता जिच्याकडे भिशी असेल तिने एकच पदार्थ करायचा, न तळलेला, आणि त्याचं माप सगळ्यांना सांगायचं. काकूंच्या पाळीला चाकवत आणि भाकरी झाली, तेव्हा शेजारणीही येऊन बसल्या. त्यातली एक पुढच्या सोमवारी काट्यावर उभी राहिली. या वर्षभरात एकीचं वजन तीन किलोने परतही आलं. ती भिशीला यायचं टाळू लागली, तेव्हा बाकीच्या तिघी तिच्या घरी गेल्या आणि काटा बरोबर नेला नाही.

दिवाळीचा फराळ त्यांनी यंदा वाटून घेतला आहे. तळलेल्या बहुतेक जिनसांत शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणून चकली आणि शंकरपाळे प्रत्येक घरात वेगळे होणार नाहीत. एकीच्या घरी एकदाच, अर्धा-अर्धा किलो, आणि चौघींत वाटणी. चिवडा पातळ पोह्यांचा, पोहे उन्हात वाळवून आणि कढईत कोरडे भाजून, फोडणीला मोजून तेल. बेसनाचे लाडू काकू करणार आहेत, लिंबाएवढे. पाहुण्यांसाठी भरलेली ताटं मांडून ठेवायची नाहीत, आले की छोट्या वाटीत द्यायचं. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी भेटायचं, असं त्यांनी आताच ठरवून ठेवलं आहे.